पंप खोलण्याआधी हवा काढा
जुना डिझेल ट्रॅक्टर चालू होत नसेल किंवा चालता चालता बंद पडत असेल तर

दुरुस्तीसाठी आमच्याकडे येणाऱ्या डिझेल पंपांपैकी बरेचसे मुळात बिघडलेलेच नसतात. ट्रॅक्टरने फक्त हवा धरलेली असते, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा अडकलेली असते. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, कोणीतरी "पंप गेला" म्हणतो आणि पंप जागेवरच खोलला जातो. सील तुटलेला, स्क्रू फिरवलेले, टायमिंगची (पंप इंजिनाशी जुळवून बसवायची) खूण न बघताच उतरवलेला असा पंप आमच्या टेबलावर आला की चांगल्या पंपाचेही पूर्ण कॅलिब्रेशन (डिझेलच्या मापाची जुळणी) करावे लागते. ऐन हंगामात तुमचा ट्रॅक्टर तेवढे दिवस उभा राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी एवढे वाचा.

सर्वांत आधी सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. या दोन तक्रारींचे उपाय वेगळे आहेत, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

धूर नसेल तर टाकीचा कॉक उघडा आहे ना आणि इंजिन बंद करायची दांडी पूर्ण आत गेली आहे ना, ते बघा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये या दांडीची केबल गंजून अडकते. वरून नॉब आत गेलेला दिसतो, पण पंपावरचा लिव्हर 'बंद'वरच राहतो. तो लिव्हर हाताने हलवून बघा.

तेही ठीक असेल तर हवा काढा. क्रम टाकीकडून नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), उलटा नाही. पहिल्या फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करा आणि फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हाताची दांडी मारत राहा. आधी बुडबुडे येतील, मग नुसते डिझेल येईल. दांडी मारता मारताच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. रोटरी पंपावर (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा) सहसा असे दोन स्क्रू असतात. दांडी मोकळी लागत असेल, जोरच येत नसेल, तर फीड पंप बिघडला असे लगेच समजू नका. आतला कॅम उंच भागावर थांबलेला असू शकतो. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा मारा. शेवटी नोझलकडचे पाइपांचे नट साधारण एक आटा सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण द्या आणि सेल्फ मारा. डिझेल उसळले की नट आवळा. त्या वेळी हात आणि चेहरा लांब ठेवा. नोझलमधून शेकडो बार दाबाने सुटणारे डिझेल कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जावे लागते.

हवा काढल्यावर ट्रॅक्टर चालू झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तर हवा कुठून शिरते ते शोधा. टाकीकडून फीड पंपाकडे येणाऱ्या नळीला बारीक तडा असेल तर डिझेल बाहेर टपकेलच असे नाही, पण पंप ओढतो तेव्हा तिथून हवा आत जाते. तांब्याचे जुने वायसर पुन्हा वापरणे हे दुसरे नेहमीचे कारण. एकदा दबलेले वायसर नीट बसत नाही. प्रत्येक मापाची नवी वायसर आम्ही ठेवतो. फिल्टर बदलताना सोबतच न्या.

पांढरा धूर येतो पण इंजिन पेटत नाही, तर आधी बॅटरी बघा. डिझेल इंजिनात प्लग ठिणगी देत नाही. हवा सोळा-अठरा पट दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. इंजिन हळू फिरले तर ती उष्णता तयारच होत नाही. पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या ट्रॅक्टरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे. बॅटरी ठीक असूनही इंजिन हळू फिरत असेल तर टर्मिनल घासा आणि अर्थची वायर चासीला जिथे बसते तिथला गंज काढा. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदच मारा, मग मिनिटभर थांबा.

अर्ध्या तासाने ताकद जाऊन बंद पडतो, थोडे थांबल्यावर पुन्हा चालू होतो, असे असेल तर टाकीच्या झाकणाचे भोक बुजले असावे. झाकण उघडताना हवा ओढल्याचा आवाज आला तर खात्रीच झाली. काळा धूर असेल तर पंपाचा स्क्रू फिरवू नका, आधी एअर क्लीनर साफ करा. ऑइल बाथ (तेलातून हवा गाळणारा) असेल तर खुणेपर्यंत नवे तेल भरा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, तिथे आमच्या पंपाचा संबंध नाही.

दोन गोष्टी कधीच करू नका. एअर क्लीनरमध्ये पेट्रोल किंवा ईथर मारू नका. आत येणारी हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनात तर स्फोटच होतो. आणि जमिनीवर उभे राहून सेल्फचे टर्मिनल पान्याने जोडू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर थेट अंगावर येतो. माणसे अशीच गेली आहेत.

खोललेला पंप टेस्ट बेंचवर (पंप तपासायचे यंत्र) लावल्याशिवाय आम्ही परत देत नाही, आणि सोबत नोझल मागतो, यावर काहींची नाराजी असते. पंपातला प्लंजर आणि बॅरल यांच्यात काही मायक्रॉनचीच फट असते. नुसत्या डोळ्यांनी किंवा अंदाजाने ते काम होत नाही. पंप बरोबर आणि नोझल गळकी असतील तर ट्रॅक्टर धूर काढतच राहील आणि तुम्हाला पुन्हा यावे लागेल.

फोन करताना ट्रॅक्टरचे मॉडेल, पंप लाइन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर, एका ओळीत) आहे की रोटरी, धुराचा रंग आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला, एवढे सांगा. पुष्कळदा फोनवरच काम होते, त्याचे आम्ही पैसे घेत नाही. पंप आणायचाच असेल तर उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणेचा फोटो काढा, पाइपांची तोंडे स्वच्छ प्लास्टिकने बांधा आणि सील तसाच राहू द्या.