रोजगार हमी योजना (महाराष्ट्र)

ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीला ते पुरवण्याचे दायित्व राज्यशासनावर टाकणारी योजना. ‘रोहयो’ या नावाने ती सर्वपरिचित आहे.

योजनेच्या उगमाविषयी एकमत नाही. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी 1965च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केलेल्या रोजगार हमीच्या प्रयोगापासून तिची सुरुवात सामान्यतः मानली जाते. काही अभ्यासक मात्र 1972च्या दुष्काळाला अधिक महत्त्व देतात. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. खडी फोडून व सुकडीवर (दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या पूरक आहारावर) दिवस काढणाऱ्या या मजुरांच्या मोर्चांनी काम ही हक्काची बाब ठरवली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ब्रिटिश राजवटीतील 1880च्या दुष्काळ आयोगापर्यंत मागे जाणारी तिसरी परंपरा तितकीशी ग्राह्य वाटत नाही. त्या व्यवस्थेत दुष्काळ जाहीर झाल्यावर सरकार कामे काढी. रोहयोत मजुराने मागणी केली की काम काढावे लागे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीही 1971 मध्ये दारिद्र्यावरील उपाय म्हणून सार्वजनिक कामांचा आग्रह धरला होता. हमीचे सूत्र विसापूरचे आणि तिचा व्याप दुष्काळाने दिलेला, असे म्हणणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

कायदा 1977चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. नमुना 4 हा मागणी अर्ज भरून दिल्यावर 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता देय असे. तो मुळात दिवसाला अवघा एक रुपया होता, त्यामुळे शासनावर त्याचा धाक फारसा राहिला नाही. किमान 50 मजूर जमल्याशिवाय नवे काम काढू नये, ही अट लहान पाड्यांना जाचक होती. पाझर तलाव, नाला बंडिंग (नाल्यांवर बांध घालणे), रस्ते ही नेहमीची कामे. मजुरी हजेरीवर नव्हे, तर खोदलेल्या मातीच्या मोजमापावर ठरे. मुरूम वा कठीण खडक लागला की दर बदले, आणि तंट्याचे मूळ बहुधा या मोजणीत असे.

निधीची तरतूद हे योजनेचे खरे वेगळेपण होय. 1975 पासून शहरी नोकरदार व व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. त्याच्यासह काही करांच्या उत्पन्नाइतकीच भर शासन घाली. मुंबईतील पगारदाराच्या पैशातून मराठवाड्यातील बांधाची मजुरी भागवणारी ही रचना स्वतंत्र भारतात विरळाच म्हणावी लागेल.

1988 मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झाल्यानंतर रोहयोवरील मनुष्यदिवस (एका मजुराचे एका दिवसाचे काम म्हणजे एक मनुष्यदिवस) घटले. शेतीत काम वाढल्याने मागणी ओसरली, हे एक स्पष्टीकरण; खर्च आवरण्यासाठी कामेच कमी काढली गेली, हे दुसरे. दुसरे अधिक पटण्याजोगे आहे. 1990 पासून फळबाग लागवड रोहयोला जोडली गेली. 2005च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने मागणीनुसार कामाचे तत्त्व देशभर नेले, तथापि वर्षाला प्रतिकुटुंब 100 दिवसांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात अशी मर्यादा नव्हती.