हॉंकी-टॉंक संगीत

हॉंकी-टॉंक ही अमेरिकी कंट्री संगीताची, म्हणजे ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या संगीताची, एक शैली आहे. टेक्सस, ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतल्या रस्त्याकडेच्या गुत्त्यांत ती वाढली. या गुत्त्यांनाही हॉंकी-टॉंकच म्हणतात. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली. तेव्हा पूर्व टेक्ससच्या तेलविहिरींवर मजुरांची गर्दी होती. दिवसभर राबून आलेल्या या माणसांना पिण्यासाठी, नाचण्यासाठी आणि मन मोकळं करण्यासाठी जागा हवी होती. तिथल्या गाण्याला ग्लासांच्या खणखणाटावर आणि बोलण्याच्या गलक्यावर मात करावी लागे. या संगीताची घडण त्या गोंगाटातच झाली. ठाशीव ताल, विजेवर चालणारी गिटार, फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन), स्टील गिटार (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवायची गिटार) आणि साध्या शब्दांत सांगितलेलं दुःख असं त्याचं रूप ठरलं. घरदार आणि देवधर्म हे जुन्या कंट्री गाण्यांचे आवडते विषय होते. इथे त्यांच्या जोडीला मोडलेले संसार, व्यसन आणि एकटेपण आले.

अर्नेस्ट टब याने १९४१ मध्ये ‘वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू’ हे गाणं विद्युत गिटारच्या साथीने ध्वनिमुद्रित केलं. ज्यूकबॉक्समधून, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रातून, त्याचा आवाज गर्दीतही ऐकू जाई. पुढे हँक विल्यम्सने या शैलीला तिची सर्वांत उत्कट गाणी दिली आणि १९५३ च्या पहिल्याच दिवशी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, त्याचं निधन झालं. लेफ्टी फ्रिझेलने शब्दातला स्वर लांबवून, वळवून गाण्याची रीत रुजवली. १९५२ मध्ये किटी वेल्सने बायकांच्या वतीने या गाण्यांना गाण्यातूनच उत्तर दिलं : गुत्त्यात येणाऱ्या बाईला दोष देताना तिला फसवणारा पुरुष नामानिराळा का राहतो? ते गाणं कंट्रीच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. १९५४ मध्ये आलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने पेडल स्टील गिटार वाजवली. पेडल दाबून सूर वाजत असतानाच तो वर चढवायचा, हे त्यातलं तंत्र. हिंदी चित्रपटगीतांतून आपल्या ओळखीची झालेली हवाईयन गिटार याच कुळातली.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस आणले. गाणी शहरी घरांत पोहोचली, पण त्यांची धार गेली. ती टिकली कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड गावात. १९३० च्या दशकातल्या दुष्काळाने आणि मंदीने ओक्लाहोमा-टेक्ससमधली हजारो कुटुंबं इकडच्या शेतांत मजुरीला आली होती आणि येताना आपलं संगीत घेऊन आली होती. बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्ड यांनी इथे टेलिकास्टर या विद्युत गिटारच्या टोकदार आवाजावर उभा असलेला बाज घडवला. ओवेन्सच्या गाण्यांत त्याचा आवाज आणि डॉन रिचचा वरचा स्वर असे मिसळतात, की दोन गळे वेगळे काढणं कठीण जातं.

या बाजाला आधुनिक रूप देण्याचं सर्वांत मोठं श्रेय ड्वाइट योकम याला द्यावं लागेल. जन्म १९५६, पाईकव्हिल, केंटकी. बालपण ओहायोतल्या कोलंबस शहरात. नॅशव्हिलमध्ये त्याच्या गाण्याला वाव मिळाला नाही, म्हणून तो लॉस एंजेलिसला गेला. तिथे त्याने एक धाडस केलं : ‘द ब्लास्टर्स’, ‘लॉस लोबोस’ यांसारख्या बँडांबरोबर तो पंक-रॉकच्या, म्हणजे वेगवान आणि बंडखोर रॉक संगीताच्या, क्लबांत गाऊ लागला. समोरच्या पोरांनी कदाचित कधी कंट्री ऐकलंही नसेल, पण वेग, मोठा आवाज आणि प्रामाणिक आवेश त्यांना कळत होता. योकमने जुन्या चाली बदलल्या नाहीत. गिटारवादक आणि निर्माता पीट अँडरसन याच्या साथीने त्याने ढोलाचा ठोका जोरकस केला, गिटार पुढे आणली, आणि फिडलला तिची जागा परत दिली. मुख्य हत्यार मात्र त्याचा गळाच : शब्दाच्या मध्यावर सूर अचानक फुटतो आणि त्या फटीतून ऐकणाऱ्याला खरी वेदना दिसते.

१९८४ मध्ये छोट्या कंपनीतर्फे निघालेली त्याची सहा गाण्यांची तबकडी वाढवून १९८६ मध्ये ‘गिटार्स, कॅडिलॅक्स, एटसेटरा, एटसेटरा’ हा पूर्ण अल्बम रिप्राईज कंपनीने काढला. त्यात जॉनी हॉर्टनचं १९५६ मधलं ‘हॉंकी-टॉंक मॅन’ होतं. अल्बम कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी रँडी ट्रॅव्हिस आणि स्टीव्ह अर्ल यांचेही गाजलेले अल्बम आले, त्यामुळे परंपरेकडे वळण्याची ही लाट एकट्या योकमची नव्हे. पण इतका धारदार आवाज त्या लाटेत दुसरा नव्हता.

त्या काळी बक ओवेन्स मंचापासून जवळजवळ दूर झाला होता. योकमने त्याची भेट घेऊन त्याला पुन्हा गायला लावलं. १९८८ मध्ये दोघांनी मिळून गायलेलं ‘स्ट्रीट्स ऑफ बेकर्सफील्ड’, फ्लाको हिमेनेझच्या अकॉर्डियनसह, पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. १९७२ नंतर प्रथमच ओवेन्स तिथे पोहोचला होता. परंपरेचा आदर करणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१९९३ च्या ‘धिस टाइम’ या अल्बममध्ये योकमने वाद्यवृंदाचे तंतुवाद्यांचे सूरही वापरले. नॅशव्हिलने गुळगुळीत करण्यासाठी वापरलेलं साधन इथे एकटेपण गडद करतं. त्यातल्या ‘एन्ट दॅट लोनली येट’ ला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ओवेन्सचं निधन २००६ मध्ये झालं. पुढल्याच वर्षी योकमने केवळ त्याच्या गाण्यांचा ‘ड्वाइट सिंग्ज बक’ हा अल्बम काढला.