उत्तेजक द्रव्यं आणि उतारवयातलं ब्रेन हॅमरेज

उत्तेजक म्हणजे शरीराला चाबूक मारून पळवणारी द्रव्यं. एका टोकाला कोकेन, मेथ (मेथॲम्फेटामाइन) आणि आपल्याकडे पोलिसांच्या बातम्यांत सारखं दिसणारं एमडी म्हणजे मेफेड्रोन, दुसऱ्या टोकाला मेडिकलवाला पट्टीतून कापून देतो ती नाक मोकळं करायची सर्दीची गोळी. ऐकायला दोन्ही लांबची वाटतात पण काम एकाच जातीचं, नॉरअ‍ॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं शरीरातलंच रसायन) वाढवायचं नाहीतर त्याची नक्कल करायची. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसल्या की श्वास मोकळा होतो, अंगभरच्या आकसल्या की बीपी चढतं. फरक आहे तो जोराचा, आणि तो फार मोठा आहे.

पंचविशीतल्या माणसाच्या रक्तवाहिन्या रबरासारख्या असतात, बीपीचा झटका बऱ्याचदा पचवतात (म्हणून तरुणाला काही होतच नाही असं नाही, मेंदूतल्या धमनीला आधीपासून फुगा असेल तर तो फुटू शकतो). साठीनंतर गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं बीपी असेल तर मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या केसासारख्या धमन्यांच्या भिंती कमकुवत झालेल्या असतात, बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागांतला रक्तस्राव बहुतेक तिथलाच. शिवाय म्हातारपणी पृष्ठभागाजवळच्या धमन्यांत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि त्या ठिसूळ होतात, याची घरात कुणाला गंधवार्ताही नसते. त्यात हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर एकदा सुरू झालेला रक्तस्राव लवकर थांबत नाही.

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण नशेचं नाहीच, ते फिनाइलप्रोपॅनोलअमाइन म्हणजे पीपीएचं आहे. अमेरिकेत हे औषध सर्दीच्या आणि भूक मारायच्या गोळ्यांत सर्रास असायचं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ४३ हॉस्पिटलमधले ब्रेन हॅमरेजचे ७०२ रुग्ण आणि तुलनेसाठी १३७६ माणसं तपासली, तर भूक मारायची गोळी घेणाऱ्या बायकांत हॅमरेजची शक्यता साधारण १६ पट निघाली. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांना हे औषध काढून घ्यायला सांगितलं, पुढच्या महिन्यात अभ्यास छापून आला. भारतात मात्र ते पुढची कितीतरी वर्षं विकलं जात होतं, केंद्र सरकारची बंदीची अधिसूचना आली २०११ मध्ये. एक गंमत लक्षात ठेवायची, त्या अभ्यासातले सगळे १८ ते ४९ वयाचे होते. म्हणजे ज्यांना हॅमरेजचा धोका मुळात जास्त, ती म्हातारी माणसं त्या आकड्यांत नाहीतच.

पीपीएची जागा बऱ्याच गोळ्यांत फिनाइलएफ्रिनने घेतली. ते तोंडाने घेतलं तर नाक मोकळं करायला उपयोगाचंच नाही असं २०२३ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं, तरी आपल्याकडे पट्टीवर नाव आहेच. स्यूडोएफेड्रिन या नाक मोकळं करायच्या दुसऱ्या औषधाचं काम होतं, पण बीपी खूप जास्त किंवा कंट्रोलमध्ये नसेल तर ते घेऊ नये असं युरोपच्या औषध नियामकांनी बजावलंय. नेहमीच्या डोसमध्ये एका गोळीने हॅमरेज होणं दुर्मिळ, पण आजोबांनी बीपीची गोळी चुकवलीय, नाक चोंदलंय म्हणून एकाऐवजी दोन घेतल्या, असं सगळं एकदम जुळून आलं की हिशोब बदलतो.

राहिला नशेचा भाग. अमेरिकेत १९६०-७० च्या दशकात तरुण असलेली पिढी आता सत्तरीत आहे आणि त्यातल्या काहींची सवय सुटलेली नाही. कोकेनसोबत दारू घेतली की शरीरात कोकाएथिलिन तयार होतं, ते कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं. तरीही सत्तरीचा पेशंट इमर्जन्सीत आला, सीटी स्कॅनवर पांढरा डाग (ताजं रक्त पांढरंच दिसतं) दिसला की डॉक्टर कागदावर 'बीपीमुळे' लिहून मोकळे होतात, लघवीची ड्रग टेस्ट करायचं डोक्यातच येत नाही. आजोबांना असलं काय विचारायचं, हा संकोच दोन्हीकडून असतो, आणि घरचेही सर्दीच्या गोळीला औषध धरत नाहीत म्हणून सांगत नाहीत.

लक्षणं नेहमीचीच, अचानक भयंकर डोकेदुखी, उलटी, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं. पहिल्या काही तासांत मेंदूत साचलेल्या रक्ताची गाठ वाढत जाऊ शकते म्हणून बीपी लगेच पण बेताने खाली आणतात, आणि कोकेन घेतल्याचा संशय असला तर बीटा ब्लॉकर (बीपी आणि हृदयाचे ठोके कमी करणारं औषध) देताना डॉक्टर दोनदा विचार करतात.