जाड पुस्तक कळत नाही, कारण इंग्रजी?

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंजिनिअरिंगची जाड पुस्तकं इंग्रजीमुळे कळत नाहीत, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. इंग्रजीचा त्रास होतो, पण तो सरावाने कमी होतो. जास्त अडतं ते गणितात. व्हायब्रेशनचं पुस्तक घ्या. स्प्रिंगला टांगलेलं वजन आणि सोबत डॅम्पर (हालचाल मंदावणारा भाग), यांचं डिफरन्शियल इक्वेशन (बदलाच्या दराचं समीकरण) शेवटी १०वीच्या वर्गसमीकरणावर येतं. त्याचा विवेचक (b² − 4ac) ऋण आला तर वजन हेलकावे खात खात थांबतं. शून्य किंवा धन आला तर हेलकावे न खाताच जागेवर येतं. हे दिसलं की अख्खं प्रकरण उलगडतं, आणि डिक्शनरी पाठ करून ते दिसत नाही. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनी तर पहिल्या वर्षाचं गणित आधी वहीत सोडवावंच.