चांगल्या वर्षाची झाडे, वाईट वर्षाचा हिशेब

इंदूरच्या आसपास, माळव्याच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात जागोजागी डबकी साचतात. ही चिकण माती भिजली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. म्हणून रस्त्याकडेच्या खड्ड्यांतही तालिमखान्यासारख्या पाणथळ वनस्पती उगवतात, फुलतात आणि बी टाकून वाळतात. अशा डबक्यात एखाद्या वर्षी हजार झाडे दिसली, की तिथली वनस्पती सुरक्षित आहे असे वाटते. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

जनुकशास्त्रज्ञ सूअल राइट यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, मुक्तपणे परागीभवन होणाऱ्या दहा झाडांच्या समूहात दर पिढीला सुमारे ५ टक्के जनुकीय विविधता निव्वळ योगायोगाने नाहीशी होते. पाचशे झाडांत हेच प्रमाण ०.१ टक्का असते. समजा, पाच वर्षांपैकी चार वर्षे हजार झाडे होती आणि एका कोरड्या वर्षी दहाच उरली. साधी सरासरी ८०२ येते. परंतु ऱ्हास संख्येच्या व्यस्त प्रमाणात होत असल्यामुळे, विविधतेच्या दृष्टीने हा समूह जेमतेम ४८ झाडांच्या स्थिर समूहाइतका ठरतो; या ४८ ला परिणामकारक संख्या म्हणतात. एकच वाईट वर्ष चार चांगल्या वर्षांवर मात करते.

ईशान्य ब्राझीलमधील तात्पुरत्या डबक्यांत वाढणाऱ्या, आपल्या जलपर्णीच्या जवळच्या नात्यातील आयकॉर्निया पॅनिक्युलाटा या वनस्पतीत हे स्पष्ट दिसले. ब्रायन हजबंड आणि स्पेन्सर बॅरेट या संशोधकांच्या १९९२ मधील अभ्यासात अशी परिणामकारक संख्या प्रत्यक्ष झाडांच्या सरासरी एक दशांशच भरली. या वनस्पतीत कुक्षीवृंत (फुलातील स्त्रीकेसराचा देठ) लांब, मध्यम किंवा आखूड असलेली तीन प्रकारची झाडे असतात. आखूडपणाचे जनुकरूप (त्या जनुकाचा एक पर्याय) प्रभावी, म्हणजे एका प्रतीनेही परिणाम दाखवणारे, असल्यामुळे ते फक्त आखूड झाडांतच असते, इतरांत सुप्त राहू शकत नाही. लहान समूहातून ती झाडे गेली की तेही गेले. पुढे काही समूहांत स्वपरागण करणारी, म्हणजे स्वतःच्याच परागांनी बी धरणारी झाडेच वरचढ होतात, आणि विविधता आणखी घटते.

याला उतारा असतो तो चिखलातील बियांचा. अनेक वर्षांच्या बिया एकाच पावसात रुजल्या, तर जुन्या पिढ्यांची जनुके परत येतात आणि ऱ्हास मंदावतो. टेम्पलटन आणि लेव्हिन या संशोधकांनी १९७९ मध्ये हे सविस्तर मांडले. मात्र सपाटीकरणात डबक्याचा वरचा थर उचलला गेला, तर हा साठाही जातो, आणि पाणी पुन्हा साचले तरी नवा समूह पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून आलेल्या मोजक्या बियांपासूनच सुरू होतो.