एचएफवरचा डेटा आणि आरमारं : सिंगल टोनचा निर्णय कुठून आला?

लांब पल्ल्याचं एचएफ, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी किंवा लघुलहरींवरचा रेडिओ, आपल्याकडे नवं नाही. १९२७ साली इंग्लंडशी लघुलहरींवरची तारसेवा सुरू झाली तेव्हा संदेश खडकीहून सुटत आणि तिकडून येणारे दौंडला पकडले जात. मधे पाऊणशे किलोमीटरचं अंतर मुद्दाम ठेवलेलं, म्हणजे आपल्याच ट्रान्समीटरने आपला रिसीव्हर बहिरा होऊ नये. जहाजाला ही चैन नाही, तिथे दोन्ही एकाच डेकवर. डेटा एकाच टोनवर (स्वरावर) पाठवायचा की एकाच वेळी अनेक टोनांवर, या पुढच्या सगळ्या वादाचं मूळ या अडचणीत आहे. मोर्स आणि टेलिप्रिंटरचा काळ इथे सोडून देतो. नेरूळ-बेलापूरच्या क्लासांत जीएमडीएसएस (जहाजांच्या आणीबाणीच्या संपर्कयंत्रणेचा कोर्स) केलेल्यांना तो पाठ असतो.

जहाजावरच्या संगणकांनी एचएफवरून एकमेकांशी बोलायला खरी सुरुवात केली ती साठच्या दशकात, लिंक-११ या आरमारी डेटा-यंत्रणेपासून. एकाच वेळी सोळा टोन. त्यातला एक डॉप्लर सुधारणेसाठी (हालचालीमुळे सरकलेली फ्रिक्वेन्सी सावरण्यासाठी), उरलेल्या पंधरांवर प्रत्येकी दोन बिट. म्हणजे एका फ्रेममध्ये (एका वेळी पाठवलेल्या तुकड्यात) ३० बिट, त्यातले २४ कामाचे आणि ६ चुका पकडण्यासाठी. सेकंदाला ७५ फ्रेम धरल्या तर २२५० बिट. लहरींची स्थिती वाईट असेल तर वेग उतरवून १३६४. ताफ्यातलं एक जहाज मास्तरासारखं हजेरी घेतं आणि ज्याचं नाव पुकारलं जाईल ते आपला डेटा ओततं. एखाद्याला हाक ऐकूच आली नाही, तर तेवढा वेळ फुकट. शॉर्टवेव्हच्या रिसीव्हरवर ती जाडीभरडी घरघर एकदा ऐकली की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

सोळा टोन कशासाठी? आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, एकच सिग्नल दोन-तीन वाटांनी येतो आणि त्यांच्यात काही मिलिसेकंदांचं अंतर पडतं. डेटा अनेक संथ टोनांवर वाटला की प्रत्येक चिन्ह (एका वेळी पाठवलेला सिग्नलचा तुकडा) या उशिरापेक्षा लांब राहतं. लिंक-११ मध्ये ते १३ मिलिसेकंदांहून जास्त टिकतं. प्रतिध्वनी आला तरी चिन्ह वाचता येतं. सत्तरच्या दशकापर्यंतच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये याहून शहाणा उपाय नव्हता.

दुसरी वाट सिंगल टोनची. १८०० हर्ट्झवर एकच वाहक, म्हणजे डेटा वाहणारा एकच टोन, सेकंदाला २४०० चिन्हं. प्रत्येक चिन्ह अर्ध्या मिलिसेकंदाहूनही लहान, त्यामुळे एक प्रतिध्वनी पुढच्या पाच-दहा चिन्हांवर सांडतो. तो निस्तरायला रिसीव्हरमध्ये सतत जुळवून घेणारा इक्वलायझर (प्रतिध्वनी वजा करणारं गणित) लागतो आणि त्याला शिकवण्यासाठी ओळखीची चिन्हं मधेमधे पेरावी लागतात. २४०० बिटच्या वेगाला ३२ चिन्हं डेटाची आणि मागोमाग १६ शिकवणीची. तिसरा हिस्सा शिकवणीतच जातो! ऐंशीच्या दशकात सिग्नल प्रोसेसरच्या चिप आल्या तेव्हा कुठे हे गणित वेळेत सुटू लागलं.

मग १९९१ च्या अमेरिकी लष्करी मानकाने, मिल-स्टँडर्ड १८८-११०ए ने, सिंगल टोन सक्तीचा केला. १६ आणि ३९ टोनांचे मोडेम परिशिष्टांत गेले. तेव्हापासून पॅरलल (एकाच वेळी अनेक टोन) म्हणजे जुनं आणि सिंगल म्हणजे आधुनिक, अशी सरसकट समजूत रुजली. मला ती पटत नाही. वाय-फाय, फोरजी, आकाशवाणीचं डिजिटल प्रसारण हे सगळं अनेक वाहकांवरच चालतं. पॅरलल कालबाह्य असता तर असं झालं नसतं.

निर्णयाचं खरं कारण अँप्लिफायरमध्ये आहे. सारख्या ताकदीचे सोळा टोन कधीतरी एकाच क्षणी शिखरावर येतात. ते शिखर मावावं म्हणून १ किलोवॅटच्या ट्रान्समीटरमधून सरासरी साठेक वॅटच काढता येतात. शिखरं थोडी छाटली तर जास्त, पण मग टोन एकमेकांत मिसळून भलत्याच फ्रिक्वेन्सीवर कचरा उडतो. जहाजावर हा कचरा शेजारच्याच रिसीव्हरमध्ये शिरतो. त्यात खाऱ्या हवेने गंजलेले सांधे, साखळ्या, कठडे डायोडसारखे वागून स्वतःची भर घालतात. सिंगल टोनमधून त्याच ट्रान्समीटरची निम्म्याच्या आसपास शक्ती बाहेर पडते. आरमारासाठी निर्णय बरोबरच होता, पण तो जहाजाच्या सोयीचा होता. पुढे लिंक-११ लाही सिंगल टोनचा पर्याय जोडला गेला.

गंमत अशी की हा वाद मिटेपर्यंत एचएफच अडगळीत पडत चाललं होतं. उपग्रह आले, ऑपरेटर तिकडे वळले, अँटेना नुसत्या रंगवल्या जाऊ लागल्या. १९८८ च्या अमेरिकी लष्करी मानकाने मोकळी आणि चालती फ्रिक्वेन्सी निवडण्याचं काम ऑपरेटरच्या कानाकडून यंत्राकडे दिलं. तेवढ्यामुळे तरी संच वापरात राहिले. भारतीय नौदलाचा पहिला स्वतःचा उपग्रह २०१३ चा. उपग्रह जाम करता येतो हे सगळ्यांनी मनावर घेतलं तेव्हा एचएफची आठवण झाली.

दरम्यान ताफ्यांना ई-मेल हवा होता. इथे इंटरलीव्हर आडवा येतो. फेडिंगमध्ये (सिग्नल मधेच मंदावतो तेव्हा) सलग बिट बुडू नयेत म्हणून ते कालावर पसरायचे, लांब पर्यायात ४.८ सेकंदांवर. पोच यायलाही तेवढाच वेळ. इंटरनेटचा नेहमीचा प्रोटोकॉल अशा उशिराला गर्दी समजतो आणि आणखी हळू होतो. म्हणून एचएफसाठी वेगळा लिंक प्रोटोकॉल लिहावा लागला, नाटोचं मानक स्टॅनॅग ५०६६. लिंक-११ ची जागा घ्यायला सात देशांनी मिळून लिंक-२२ आणली. तिच्यात हजेरी नाही, प्रत्येकाला वेळेचा तुकडा ठरवून दिलेला.

वेगाची उडी एका चॅनेलच्या ३ किलोहर्ट्झच्या चौकटीबाहेर पडल्यावर आली. त्याच मिल-स्टँडर्डच्या २०११ च्या सुधारणेत २४ किलोहर्ट्झ आणि सेकंदाला १,२०,००० बिटपर्यंत, २०१७ मध्ये ४८ किलोहर्ट्झ आणि २,४०,००० पर्यंत. हे आकडे जाहिरातीत छान दिसतात. प्रत्यक्षात सलग सोळा चॅनेल मोकळे मिळायला हवेत आणि सिग्नल खणखणीत हवा. समुद्रपृष्ठालगत जाणाऱ्या लहरीवर, दोनेकशे किलोमीटरच्या आत, ते जमू शकतं.

आपल्या अक्षांशावर तर आणखी एक अडचण. सूर्यास्तानंतर विषुववृत्तीय पट्ट्यातलं आयनांबर फाटतं, सिग्नल थरथरतो, आणि युरोपात मोजलेले वेग इथल्या संध्याकाळी मिळतीलच असं नाही. या विषयाचा अभ्यास करणारी संस्था नवीन पनवेललाच आहे. तिची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत जाते, जिथे १८५९ चं प्रचंड चुंबकीय वादळ नोंदलं गेलं.  मे २०२४ च्या वादळात लडाखमध्ये लाल आकाश दिसलं. अशा रात्री एचएफचा भरवसा नसतो.

व्यापारी जहाजांची वाट आता वेगळी झाली आहे. १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्यावरची एचएफ टेलेक्सची (रेडिओवरून टाइप करून पाठवायच्या संदेशांची) सक्ती जवळपास संपली. आरमारं उलट दिशेने, रुंद बँडकडे निघाली आहेत. मात्र ताफ्यातली सगळी जहाजं एकदम बदलत नाहीत, म्हणून ४८ किलोहर्ट्झच्या नव्या मानकातही १९९१ चा तो २४०० बिटचा सिंगल टोन जसाच्या तसा ठेवलेला आहे.