जुन्या रिव्हॉल्व्हरचे घर बदलायचे आहे? आधी कागद, मग कारागीर

गणपतीसाठी मुंबईहून आलेले एक गृहस्थ परवाच माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले होते. वडील गेल्या वर्षी वारले. त्यांचे मधून मोडणारे (म्हणजे बिजागरीवर वाकून उघडणारे) जुने रिव्हॉल्व्हर शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहे, परवान्यावर ‘.३२’ असे लिहिलेले. दुकानदाराने त्यांच्यासमोरच सिलिंडर उघडून खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे नवे .३२ काडतूस घरात, म्हणजे सिलिंडरमध्ये काडतूस बसते त्या भोकात, घालून दाखवले. ते थोडे आत गेले आणि अडकले. मागची कडा बाहेरच राहिली, रिव्हॉल्व्हर मिटेना. गृहस्थांचा प्रश्न सरळ होता, “ह्यां घर वायच खोल करून देणारो कोण गावात?”

गावेलही. पण कारागीर शोधणे ही या कामातली शेवटची पायरी आहे आणि जवळजवळ सगळे तिथूनच सुरुवात करतात.

आधी ते काडतूस का अडले ते पाहू. .३२ या एकाच नावाखाली वेगवेगळी काडतुसे येतात. जुने आखूड .३२ हे १८७८चे, काळ्या दारूच्या जमान्यातले. त्याचे कवच साधारण १५ मिलिमीटर लांब. आज आपल्याकडे परवानाधारकाला सहज मिळते ते लांब .३२, १८९६चे, कवच २३ मिलिमीटरचे. जाडी जवळपास सारखीच, लांबीत मात्र आठ मिलिमीटरचा फरक. म्हणून लोकांना वाटते, तेवढे खोल केले की झाले. पण काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेले पोलाद, त्यात शंभर वर्षे कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेले. सिलिंडरच्या घरात बॅटरी धरून पाहा, मिरीच्या दाण्याने टोचल्यासारखे खड्डे दिसतील. अशा भिंती आतून आणखी कोरून त्यात जास्त दारूचे काडतूस उडवणे म्हणजे स्वतःच्या हाताशी जुगार. माझे मत विचाराल तर मधून मोडणाऱ्या आखूड .३२च्या वाटेला जाऊच नये.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणे, विकणे, दुरुस्त करणे, रूपांतर करणे किंवा तपासणे या प्रत्येक कामाला परवाना लागतो. म्हणजे तुमच्याकडे शस्त्र बाळगण्याचा परवाना असला तरी ते कोणाच्याही लेथवर नेता येत नाही. लेथवाला कितीही हुशार असो आणि त्याने तुमच्या बोटीचे इंजिन कितीही वेळा वाचवलेले असो. कलम ६ मध्ये २०१९च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आली: नियमांत दिलेल्या एका वर्गातले शस्त्र दुसऱ्या वर्गात नेणारे रूपांतरही परवान्याशिवाय करता येत नाही. ही दोन्ही कलमे मोडली तर किमान ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

वर्ग कशावरून ठरतो ते नीट समजून घ्या, कारण घोटाळा इथेच होतो. साधी रिव्हॉल्व्हरे तिसऱ्या वर्गात येतात. पण ज्या रिव्हॉल्व्हरच्या घरात .३८० किंवा .४५५ची कडावाली काडतुसे किंवा लष्करी ९ मिलिमीटरची काडतुसे बसून उडू शकतात, ते पहिल्या वर्गात, म्हणजे बोलीभाषेत ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये (बंदी असलेल्या मापात) जाते. नळीवर काय कोरले आहे हे इथे दुय्यम, घरात काय बसते हे मुख्य. घर मोठे करून घेतलेत आणि त्यात उद्या .३८० बसू लागले, तर परवान्यावरची अक्षरे तीच राहून हातातली वस्तू बदललेली असते. प्रोहिबिटेड बोअरचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो.

उलट्या वाटेचेही लोक असतात. पलटणीत असलेल्या आजोबांचे .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हर आहे, काडतुसे मिळत नाहीत, तर ते लहान बोअरचे करून घ्यावे असा विचार. कोरून घर मोठे होते, लहान होत नाही. त्यासाठी नवा सिलिंडर आणि नळीत अस्तर घालावे लागते, आणि ते वर्ग बदलणारे रूपांतर ठरते. आपल्या भागातल्या बहुतेक कारागिरांचा हात ठासणीच्या आणि बारा बोअरच्या बंदुकांवर बसलेला आहे. रिव्हॉल्व्हरचे घर, नळी आणि घोड्याचा ठोका एका रेषेत आणणे हे वेगळे काम.

तर अर्जाचा क्रम. परवानाधारक वारला असेल तर शस्त्र घरात ठेवून घेऊ नका. विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा (कलम २१) आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक स्वतः वाचून घ्या. मग वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी नमुना ए-१ मध्ये अर्ज करायचा. वय २१ पूर्ण हवे. वडील हयात असतील आणि त्यांची सत्तरी झाली असेल किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षे असेल, तरी ते वारसाला देता येते. एका व्यक्तीला २०१९पासून दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारसाने आलेले शस्त्रही त्यातच मोजले जाते. बागेसाठी आधीच एक शेतीसंरक्षणाची बंदूक असेल तर हिशेब करूनच या.

कागदांत ओळख, वय आणि रहिवासाचे पुरावे, फोटो, शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र लागते. वारसाच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, वारस दाखला, मूळ परवाना, जमा पावती आणि बाकीच्या वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडायचे. हे शेवटचेच रखडते. एक बहीण पुण्यात, एक भाऊ दुबईत आणि घराच्या वाटणीवरून बोलणे बंद! सहीसाठी पुढच्या गणपतीची वाट पाहणारे मी पाहिले आहेत.

सिंधुदुर्गवाल्यांसाठी एक खास सूचना. आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. परवाना त्याआधीचा असेल तर पहिली नोंद रत्नागिरीची असते. ओरोसला, म्हणजे जिल्हा मुख्यालयात, ‘रेकॉर्ड मिळत नाही’ असे उत्तर आले तर निराश होऊ नका, जुन्या परवान्याच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढून रत्नागिरीला नोंदीची मागणी करा.

रूपांतराचा अर्ज परवाना तुमच्या नावावर झाल्यावरच. जिल्हादंडाधिकाऱ्यांना लिहा: शस्त्राचा प्रकार, बनावट, क्रमांक, आजचे काडतूस, हवे असलेले काडतूस आणि काम करणाऱ्याचे नाव व परवाना क्रमांक. कारागिराच्या परवान्याची प्रत मागून घ्या आणि त्यात ‘दुरुस्ती’बरोबर ‘रूपांतर’ हा शब्द आहे का ते पाहा. नुसत्या दुरुस्तीवर हे काम बसत नाही. तो दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असेल तर तुमच्या परवान्यावरचे क्षेत्र तिथवर पोचते का तेही तपासा, नाहीतर घाट चढल्यावर वाटेतच अडचण. लेखी परवानगी हातात येईपर्यंत शस्त्र कारागिराच्या ताब्यात देऊ नका. काम झाल्यावर शस्त्र दाखवून परवान्यावरची नोंद बदलून घ्या, कारण काडतुसे विकत मिळतात ती त्या नोंदीवर.

आणि एक, पॉलिश. गंज काढताना बफिंगवर शस्त्राचा क्रमांक पुसट झाला तर कलम ८ लागते, आणि क्रमांक तुम्हीच घालवला असे कायदा धरून चालतो. कारागिराला हे तोंडी नव्हे, पावतीवर लिहून द्यायला लावा.

त्या गृहस्थांना मी दुसरा रस्ता सुचवला. वारसाचा परवाना करून घ्यायचा, मग जुने शस्त्र विक्रेत्याला विकण्याची आणि त्याच परवान्यावर नवे घेण्याची परवानगी मागायची. कानपूरच्या कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर लांब काडतुसासाठीच बनते आणि खडकीची काडतुसे त्यात बसतात. त्यांना ते पटले नाही. बाबांचे ते बाबांचे. मग आम्ही अर्जात घर खोल करण्याचा विषयच काढून टाकला आणि फक्त वारसाचा नमुना ए-१ भरायला घेतला. जन्मतारखेच्या रकान्यापर्यंत आलो तेव्हा कळले की आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर दोन वेगळ्या तारखा आहेत.